नऊ पायऱ्यांच्या पोटात

रविवारच्या जेवणात, सारभात अर्धा झाल्यावर, भागीरथीबाईंनी जाहीर केलं की यंदा गोंब्यांना नऊ पायऱ्या लावायच्या.

काव्याचा डाव सारातच थांबला. ती या घरात सून म्हणून आली त्याला अकरा वर्षं झाली होती, आणि दसऱ्याच्या बाहुल्या मांडायची वेळ आली की अकराही वर्षं सासूबाईंची नेमकी कंबर धरली होती. बंगळुरातल्या जुन्या मराठी घरांत घटही बसतो आणि कानडी शेजाऱ्यांसारखे गोंबेही मांडले जातात. म्हणजे काम दुप्पट. त्यातलं घटाचं काव्याकडे आणि गोंब्यांचंही काव्याकडे, अशी हनुमंतनगरच्या या घरातली वाटणी होती.

"नऊ, अत्ते?" तिनं सासूबाईंना विचारलं.

"विषम लागतात ना? तीन झाल्या, पाच झाल्या. देवीच्या कामात हात आखडता कशाला घ्यायचा?"

"पण एवढ्या ट्रंका, फळ्या आणायच्या कुठून?"

"ते माझ्याकडे लागलं. तू फक्त पांढरं कापड मोठं आण. पार जमिनीला टेकेल असं."

काव्याच्या नवऱ्यानं, रविकुमारनं, आईकडे बघितलं आणि त्याला गलबलून आलं. आठच दिवसांपूर्वी त्यानं तिला गच्चीवरची खोली रिकामी करायला सांगितलं होतं. दसऱ्यानंतर तिथे भाडेकरू येणार होता. खोलीतलं सगळं भंगारात द्यायचं होतं. आई चिडेल, रडेल, निदान दोन दिवस अबोला धरेल, अशी त्याची तयारी होती. ती फक्त "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाली होती. आणि आता बिचारीनं देवीत मन घातलं होतं. दुसऱ्या दिवशी चिकपेटेतलं बटण-लेसचं दुकान बंद करून येताना त्यानं आईसाठी पाव किलो मैसूरपाक आणला.

भागीरथीबाईंनी तो खाल्ला. मन जरासं खात होतं. पण मैसूरपाक तुपातला होता.

गच्चीवरच्या त्या खोलीत अकरा संगणक होते. आताचे नव्हेत. चाळीसेक वर्षांपूर्वी, घरात वापरायला म्हणून पहिल्यांदा निघाले ते. सगळं यंत्र कीबोर्डच्याच पोटात. पडदा म्हणून घरातला टीव्ही जोडायचा, आणि प्रोग्रॅम साध्या कॅसेटवर असायचा, तो टेपरेकॉर्डरनं वाजवून आत भरायचा. भरताना बेडकांची शाळा सुटल्यासारखा आवाज येई. कुणाच्या चाव्या खोडरबरासारख्या मऊ, कुणाबरोबर खेळायचा दांडा, कुणाची नुसतीच वायर. एस. पी. रोडच्या मागच्या बोळांतून, रविवारच्या जुन्या बाजारातून, बंद पडलेल्या टायपिंग क्लासमधून ते एकेक करून आले होते.

एकोणसत्तराव्या वर्षी हा नाद असायचं मूळ टेलिफोनच्या सरकारी कारखान्यात होतं. सत्तावीस वर्षं भागीरथीबाई तिथे सोल्डरिंगला होत्या. समोरून हिरव्या पट्ट्या येत, त्यांना कथलाचे डाग देऊन पुढे सोडायचं. पुढे म्हणजे दुसऱ्या शेडमध्ये. तिथे त्या जोडल्या जात आणि बोलू लागत. ती शेड बाईंनी आतून कधी पाहिली नाही. लाखभर पट्ट्या हाताखालून गेल्या, पण बोलताना एकही ऐकली नाही. निवृत्तीनंतर काही वर्षांनी मिक्सरचा स्विच शोधायला एस. पी. रोडला गेल्या असताना भंगाराच्या तराजूत पडलेला एक कीबोर्ड त्यांनी उगाच उलटा करून बघितला. आत डाग दिसले, ठिपक्यांच्या रांगोळीसारखे सारखे, नीट. त्यांनी तो घरी आणला. आठ दिवस त्यावर खपल्या आणि टीव्ही जोडला. निळ्या पडद्यावर 'रेडी' अशी अक्षरं उमटली आणि खाली एक बारका चौकोन उघडझाप करू लागला. मी थांबलोय, तुम्ही सांगा, असं म्हणत असल्यासारखा. बाईंसाठी असं थांबणारं घरात दुसरं कुणी नव्हतं.

मग काय, वेडच लागलं. जुना कंडेन्सर पाझरला की कुजक्या माशासारखा वास येतो, म्हणून त्या दुकानात शिरल्या की आधी यंत्राला नाक लावत. दुकानदार एकमेकांना म्हणत, "अक्का फणस घ्यायला आल्यात." पिवळं पडलेलं प्लास्टिक पांढरं करायला त्या पार्लरमधून केसांचा रंग उडवायचं मलम डब्यांनी आणत, यंत्राच्या टरफलाला फासत, वर पातळ प्लास्टिक गुंडाळत आणि गच्चीवर सांडग्यांच्या शेजारी उन्हात ठेवत. पार्लरवाली रक्षिता एकदा त्यांच्या पांढऱ्याशुभ्र अंबाड्याकडे बघून म्हणाली, "अक्का, एवढं मलम लावता तरी कुठे?" "जिथे पिवळं पडलंय तिथे," बाई म्हणाल्या, आणि रक्षितानं पुढे काही विचारलं नाही.

कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाली आणि त्यांना रान मोकळं मिळालं. आनेकलच्या एका शाळेनं अडगळीची खोली साफ करायला काढली, तेव्हा आधारकार्ड दाखवून त्या गेल्या आणि परत येताना पिशवीत अकरावा संगणक होता. वर शेवग्याच्या शेंगा.

"काय आहे अम्मा एवढं?" कंडक्टरनं पिशवीला पाय लावून विचारलं.

"शेंगा."

"शेंगा इतक्या जड?"

"आनेकलच्या आहेत."

असा हा संसार. आणि तो आता भंगारात जाणार होता, कारण शेजारच्या प्रत्येक गच्चीवर एकेक सॉफ्टवेअरवाला राहत होता आणि रविकुमारलाही एक मिळाला होता.

पण भागीरथीबाईंना एक दार दिसलं होतं. त्यांचे यजमान सुब्बाराव जाताना दुकानाबरोबर एक नियम ठेवून गेले होते. नवमीच्या आयुधपूजेत ज्या हत्याराला कुंकू लागलं, ते पुढच्या नवमीपर्यंत उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. विकायचं नाही, भंगारात द्यायचं नाही. रविकुमार हा नियम वडिलांहून कडक पाळी. दुकानातल्या शिलाई मशीनचं चाक दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी तुटलं, तर ते मशीन त्यानं वर्षभर गिऱ्हाइकांच्या वाटेत तसंच ठेवलं होतं. तेव्हा आपली यंत्रं नवमीपर्यंत घरात दडवायची, त्या दिवशी कसंही करून रवीच्याच हातून कुंकू लावून घ्यायचं, की वर्ष पदरात पडलं. वर्षात पुष्कळ काही होतं. भाडेकरूंना दुसऱ्या खोल्या मिळतात.

आधी खंडोजी भंगारवाल्याला हाताशी धरलं. सलग तीन संध्याकाळी, रवी दुकानातून यायच्या सुमाराला, त्याची तीनचाकी दारात उभी राहिली आणि खंडोजी जिन्यावरून खोकी उतरवू लागला. खोक्यांत रद्दी होती.

"भागीरथीअक्का, ही तर हलकी आहेत हो," तो पहिल्या दिवशी कुजबुजला.

"मग जड उचलल्यासारखं कर."

"कसं करू?"

"कण्ह जरा. रवी कोपऱ्यावर आलाय."

खंडोजी असा कण्हला, की रविकुमार धावत येऊन एक बाजू धरू लागला. "नको, नको, अण्णा!" खंडोजी ओरडला, "देवानं लिहिलेलं ओझं ज्याचं त्यानं उचलायचं!" तिसऱ्या दिवशी खोली रिकामी झाली. रवीनं रिकाम्या भिंतींकडे बघून उसासा सोडला, आणि पुन्हा मैसूरपाक आला.

घटस्थापनेच्या आदल्या दुपारी पायऱ्या उभ्या राहिल्या. ट्रंका, त्यांवर फळ्या, वर काव्यानं आणलेलं भलंमोठं पांढरं कापड. ट्रंकांच्या मधल्या पोकळ्यांत अकरा संगणक. सगळ्यात वर भागीरथीबाईंच्या माहेरहून आलेले पट्टद गोंबे, म्हणजे मानाची लाकडी राजाराणी, खाली दशावतार, मधे लग्नाची वरात, तळाला धान्य विकणारा शेट्टी आणि त्याची ढेरपोटी बायको. समोर राहणारी मैत्रेयीअक्का आली, तिनं कंबरेवर हात ठेवून खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "भागीरथी, या वयात तुला भक्ती लागली!"

"लागते कधीकधी," बाई म्हणाल्या.

सगळं सुरळीत पार पडलं असतं, पण त्यांना एक खोड होती. कारखान्यात दुरुस्त झालेला नग तीन दिवस अखंड चालू ठेवल्याशिवाय पास होत नसे. आपल्या यंत्रांनाही त्या तोच नियम लावत. आनेकलचा संगणक ललितापंचमीला, काव्या देवळात गेलेली असताना, स्वयंपाकघराच्या ओट्यावर दुरुस्त झाला. आता तो तीन दिवस चालवायला हवा. नवमीनंतर चालवला असता तरी काय बिघडलं असतं? काहीच नाही. पण दुरुस्त झालेलं यंत्र बंद ठेवणं त्यांना शिजलेला भात झाकून ठेवून घरच्यांना उपाशी बसवण्यासारखं वाटे. त्यांनी तो पाचव्या पायरीखाली, रोषणाईचा प्लग होता तिथेच सरकवला, त्याची वायर रोषणाईच्या वायरींत गुंतवून टाकली आणि दर तासाला एकदा बारीक 'टुईं' करायला त्याला सांगून ठेवलं, म्हणजे कापड न उचलता कळेल की गडी जिवंत आहे.

षष्ठीला दुपारी मैत्रेयीअक्का वाती वळत बसली होती. टुईं झालं. ती थांबली. तिनं खालीवर बघितलं. तासाभरानं, ती निघता निघता, पुन्हा झालं.

"ऐकलंस?"

"काय गं?"

"राणी बोलली."

"कोणती राणी?"

"अय्यो, तुझ्या माहेरची! लाकडाची!"

भागीरथीबाईंनी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. नाही म्हटलं तर मग आवाज कशाचा, हा पुढचा प्रश्न होता. "माझे कान आता पहिल्यासारखे नाहीत," एवढंच त्या म्हणाल्या. सप्तमीच्या संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या सात-आठ बायका हळदीकुंकवाला येऊन बसल्या होत्या आणि त्यांतली एकही उठायला तयार नव्हती. सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे. टुईं झालं की हात जोडले जात. काव्या सुंडलचे, म्हणजे प्रसादाच्या उसळीचे, द्रोण भरभरून दमली.

एक गोष्ट मात्र बाईंच्या जिवाला पहिल्या दिवसापासून खात होती. पायऱ्या एवढ्या देखण्या झाल्या होत्या, की काव्यानं यंदा घट देवघरात न ठेवता पायऱ्यांवरच बसवला होता. पाचव्या पायरीवर, बरोबर मधोमध. मातीत गहू पेरलेले, रोज सकाळ-संध्याकाळ पाणी. बाईंनी दोनदा सुचवून बघितलं, "स्वल्प कमी घाल गं पाणी." काव्या म्हणाली, "अत्ते, देवीचं आहे, हात आखडता कशाला?" आपलेच शब्द परत आले. त्यांनी घटाखाली एक ताट सरकवलं. ताट सहा दिवस पुरलं.

सप्तमीला बायका बघतायत म्हणून काव्यानं तांब्याभर पाणी घातलं. नेमका त्याच वेळी जितेंद्र, म्हणजे पुण्याचा तो होणारा भाडेकरू, खोलीत टेबल मावेल का ते मोजायला मेजरिंग टेप घेऊन आला होता. रविकुमार त्याला वर नेणार, एवढ्यात पायऱ्यांच्या पोटातून आवाज सुरू झाला. टुईं नव्हे. टुईंईंईं... थांबेचना.

मैत्रेयीअक्कानं साष्टांग घातला. दोघींनी तिच्यामागून घातला.

"काकू, स्मोक डिटेक्टर वाजतोय तुमचा!" जितेंद्र ओरडला. "डोन्ट पॅनिक! आय विल हँडल!" आणि देवीच्या पायऱ्यांचं कापड उचलायचं नसतं हे ज्याला ठाऊक नव्हतं, अशा त्या खोलीतल्या एकमेव माणसानं ते उचललं.

आत आनेकलचा संगणक ओलाचिंब होऊन रडत होता. त्याच्या शेजारी, खाली, पलीकडे, ट्रंकांच्या मधून उरलेले दहा शांतपणे बाहेर बघत होते.

भागीरथीबाईंनी आधी खटका बंद केला.

"आई," रविकुमार म्हणाला, "हे काय आहे?"

"पायऱ्या."

"हे सगळं खंडोजी घेऊन गेला होता ना?"

"खंडोजी रद्दी घेऊन गेला. कॉम्प्युटर नेले असं मी कधी म्हटलं? तू बघितलंस, तू समजलास."

"मी त्याला खोकं धरू लागलो होतो!"

"चांगल्या मनाचा आहेसच तू."

"काकू, हे म्युझियम आहे का?" जितेंद्रनं हळूच विचारलं.

"नाही, घर आहे. मापं झाली असतील तर सुंडल घे."

काव्या घटाजवळच उभी होती. तिच्या हातात अजून तांब्या होता. "म्हणजे अत्ते, नऊ पायऱ्या देवीसाठी नव्हत्याच," ती शेवटी म्हणाली, आणि त्या एका वाक्यानं भागीरथीबाईंची मान पहिल्यांदा खाली गेली.

"देवीसाठीही होत्या गं. देवी वर, हे खाली. कुणाची कुणाला अडचण नव्हती." मग जरा थांबून, "तुला सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतंत तर घट खाली नसता का ठेवला? बिचारं भिजलं ना ते!"

मांडलेले गोंबे दशमीआधी हलवायचे नसतात, म्हणून रविकुमारला काही उचलून फेकताही येईना. "दशमी झाली की खंडोजी," तो म्हणाला. "या वेळी मी स्वतः बसवीन गाडीत. एकेक उघडून बघून."

"आणि परवा नवमीला कुंकू?"

रवीला सगळा डाव एका क्षणात कळला. तो हसला नाही, पण ओठ दाबावे लागले. "कुंकू आयुधांना लावतात आई. आयुध म्हणजे चालणारं. हे भंगार आहे."

"चाललं तर लावशील?"

आठ बायका त्याच्याकडे बघत होत्या. मैत्रेयीअक्का उठून बसली होती. राणी बोलली नव्हती हे कळल्यामुळे तिचा थोडा अपमान झाला होता आणि तो कुणावर तरी काढायला हवा होता. "न्यायाचं बोलणं आहे हं, रवी," ती म्हणाली.

"लावीन," रवी म्हणाला. "एकेक सुरू करून दाखव. चालेल त्याला कुंकू, ते राहील. न चालेल ते दशमीला बाहेर. मग रडायचं नाही."

चालणारे किती होते? बाईंनी मनात मोजले. सात.

अष्टमीला जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरून त्या बसल्या. पाच वर्षं लपूनछपून केलेलं काम पहिल्यांदा घराच्या मधोमध, दिवसाउजेडी. हळदीकुंकवाला आलेल्या बायका पायऱ्यांकडे पाठ करून टेबलाभोवती उभ्या राहिल्या. एकीनं टॉर्च धरला. एकीनं निघालेले बारके स्क्रू कुंकवाच्या करंड्याच्या झाकणात जपून ठेवले. काव्या केस वाळवायच्या यंत्रानं आनेकलच्या संगणकाच्या चाव्या वाळवत होती, लहान मुलाचं डोकं पुसावं तशी. सोल्डरच्या धुराची एक बारीक रेघ उदबत्तीच्या धुरात मिसळून वर जात होती, आणि बाईंचा हात कथलाच्या थेंबावर अगदी स्थिर होता.

तरीही तिन्हीसांजेला हिशेब सातच राहिला. तिघांचे सुटे भाग आता जगात कुठे मिळत नव्हते. आनेकलच्याला सुकायला अजून ऊन हवं होतं.

भागीरथीबाईंनी डोळ्यांवरचं भिंग काढलं आणि उद्याच्या पूजेसाठी ओळ मांडायला घेतली. सात चालणारे आधी. मग तीन बंद. शेवटी आनेकलचा.

"बंद पडलेले मागे का, अत्ते?" काव्यानं विचारलं. "लपतायत थोडेच?"

"आमच्याकडे येसाजी म्हणून तपासनीस होता. फार कडक. पहिले सात नग भिंगातून बघायचा. आठव्यापासून शिक्का आपोआप पडायचा. हात एकदा तालात आला ना, की डोळ्याला विचारत नाही. आम्ही सगळ्याजणी कच्चे नग आठव्यापासून पुढे ठेवायचो."

काव्यानं सासूकडे बघितलं. मग पदर तोंडावर घेतला आणि इतकी हसली की बांगड्या वाजल्या. "उद्या घंटा मी वाजवते," ती म्हणाली. "तालात."

नवमीला सकाळी घरातल्या सगळ्या हत्यारांना पाटावर जागा मिळाली. विळी, मिक्सर, कुकर, स्कूटरची किल्ली, दुकानातल्या कात्र्या. रविकुमार सोवळं नेसून, करंडा घेऊन आला तो कोर्टात आल्यासारखाच. टीव्ही जोडलेला होता.

पहिलं यंत्र. खटका. 'रेडी.' रवीनं वाकून नीट वाचलं, मागची वायर कुठून येते तेही बघितलं, आणि कुंकू लावलं. दुसरं. तिसऱ्याला रंगीत पट्टे आले, त्यानं विचारलं, "हे असंच असतं?" "असंच," बाई म्हणाल्या. चौथं, पाचवं. काव्याची घंटा लागली होती, मैत्रेयीअक्कानं आरती धरली होती. खटका, कुंकू, घंटा. सहावं. सातवं.

आठव्याच्या वेळी भागीरथीबाईंनी टीव्हीची वायर बदलली नाही. सातव्याचं 'रेडी' पडद्यावर तसंच उघडझाप करत राहिलं. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त आठवं यंत्र पुढे सरकवलं. रवीचा अंगठा आला, टेकला, गेला. नववं. घंटा जलद झाली. दहावं. अंगठा आला, गेला. काव्या छताकडे बघत होती, कारण दुसरीकडे कुठे बघणं तिला शक्य नव्हतं.

अकराव्यावर अंगठा हवेत थांबला.

"थांब," रविकुमार म्हणाला. घंटा थांबली. त्यानं ओळीकडे बघितलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा ओळीकडे. "आठवं... लागलं होतं का?"

"कुंकू? लागलं की. दिसतंय ना."

"आई!"

"मी काही बोलले का?"

दहाव्यावरचं ओलं कुंकू चमकत होतं. रवीनं ते बघितलं, वडिलांच्या फोटोकडे बघितलं, आणि एक मोठा श्वास सोडला. "लागलं ते लागलं. पण हे शेवटचं. हे सुरू करून दाखव. माझ्यासमोर. वायर याला लावून."

आता खरी वेळ आली होती. या यंत्राचं काय होईल ते भागीरथीबाईंनाही माहीत नव्हतं. त्यांनी वायर लावली. खटका दाबला. पडदा काळा. एक सेकंद, दोन. बाईंच्या डोळ्यांपुढे आनेकलच्या बसमधली ती पिशवी आली.

टुईंईंईंईं...

थांबेचना. मैत्रेयीअक्काच्या हातातली आरती हलली. गल्लीतली कुत्री सुरात सूर मिळवू लागली.

"चालतंय!" काव्या ओरडली.

"हे चालणं आहे?"

"बंद यंत्र ओरडतं का कधी?" भागीरथीबाईंनी आवाज चढवून विचारलं. "लाव लवकर! पूजा झाल्याशिवाय खटका बंद करता येत नाही!"

"असं कुठे लिहिलंय?"

"ऐकू येत नाही मला!"

रविकुमारनं एका हातानं कान दाबला आणि दुसऱ्या हातानं कुंकू लावलं. एक नाही, घाईत दोन बोटं उमटली. बाईंनी खटका बंद केला.

दशमीला गोंबे ट्रंकांत परत गेले, पायऱ्या मोडल्या आणि दिवाणखान्यात अकरा संगणक उरले. ते उंबऱ्याबाहेर जाऊ शकत नव्हते आणि वरची खोली तर भाड्यानं द्यायची होती. तेव्हा तीन दिवाणावर गेले, दोन टीव्हीखाली, एक चपलांच्या कपाटावर. रविकुमारला सकाळी पेपर वाचायला बसायला जागा नव्हती. संध्याकाळी टेकायला जावं तर पाठीला खेळायचा दांडा टोचे. येणारेजाणारे कुंकू बघून यंत्रांना नमस्कार करत आणि त्याच्याकडे आदरानं बघत. भागीरथीबाई तोंडातून अवाक्षर काढत नव्हत्या. फक्त रोज सकाळी त्यांतल्या एखाद्याची धूळ पुसून तो आदल्या दिवशीपेक्षा वीतभर वाटेत ठेवत.

चौथ्या दिवशी रविकुमारच्या पायाचा अंगठा टेपरेकॉर्डरवर आपटला. त्यानं तिथेच उभ्या उभ्या जितेंद्रला फोन लावला. खोलीचं जमणार नाही म्हणाला.

"नो इश्यूज, दादा," पलीकडून आवाज आला. "ॲक्च्युअली मीच कॉल करणार होतो. तो साऊंड अजून माझ्या कानात आहे."

मग रवीनं बाह्या सारल्या आणि तो एकेक यंत्र उचलून वर न्यायला लागला. भागीरथीबाई जिन्याच्या वळणावर खुर्ची टाकून बसल्या. "दोन्ही हातांनी. चाव्यांच्या बाजूनं धरू नको रे. हां, ते भिंतीला लाव. नाही, ऊन येतं तिथे." अकरावं वर गेलं तेव्हा रवीला धाप लागली होती. तो खोलीच्या दारात बसला. खिडकीतून उन्हाचा एक चौकोन यंत्रांवर पडला होता, आणि सगळ्यांवरचं कुंकू आता सुकून गडद झालं होतं.

"आई, खरं सांग. यातली चालणारी किती?"

"आज सात."

"आणि ते बोंबलणारं?"

"ते धरलं तर आठ."

"म्हणजे तिघांना तू मला फसवून कुंकू लावायला लावलंस."

"अंगठा तुझा होता."

रवीनं त्या ओळीवर एकदा नजर फिरवली. मग उठला, धोतर झटकावं तशी पँट झटकली आणि जिन्याकडे वळला. दोन पायऱ्या उतरून थांबला.

"पुढच्या नवमीला मी उलट्या बाजूनं सुरुवात करणार आहे. शेवटच्यापासून. आत्ताच सांगून ठेवतो."

"कर की," भागीरथीबाई म्हणाल्या.

त्याची पावलं खाली जाईपर्यंत त्या थांबल्या. मग वाकल्या आणि तिन्ही बंद यंत्रं ओळीच्या शेवटाकडून उचलून सुरुवातीला लावू लागल्या.